डिसेबल केलेल्या फील्डची व्हॅल्यू डेटाबेसमध्ये रिकामी का जाते?

नवा_गडी
नमस्कार मंडळी, एका कॉलेजच्या प्रवेश अर्जाचं काम चालू आहे, साधं एचटीएमएल, साधी जावास्क्रिप्ट, मागे पीएचपी. फॉर्मात सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता असे दोन भाग आहेत आणि मध्ये 'दोन्ही पत्ते एकच' असा चेकबॉक्स. टिक केली की वरचा पत्ता, जिल्हा, तालुका, पिनकोड सगळं खाली कॉपी होतं आणि खालची फील्ड मी डिसेबल करतो, म्हणजे परत कोणी त्यात हात घालू नये. दिसायला झकास दिसतं. पण सबमिट केलं की कायमच्या पत्त्याचे कॉलम रिकामे, वर पीएचपी 'अनडिफाइंड अ‍ॅरे की' म्हणून बोंबलतं. टिक न करता हाताने भरलं तर सगळं बरोबर जातं. कन्सोलमध्ये तर व्हॅल्यू दिसतेय, मग मधल्या मधे जाते कुठे? आणि अजून एक, टिक काढली की सेटअ‍ॅट्रिब्यूटने डिसेबल्डला फॉल्स देतोय तरी फील्ड बंदच राहतात. कोणी सांगेल का प्लीज, डोकं आउट झालंय.

सांगलीकर
जात कुठेच नाही, ती निघतच नाही भावा. डिसेबल्ड फील्ड ब्राउझर सबमिटमधून सरळ वगळतो, तसा नियमच आहे. एफ १२ दाबून ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघड आणि नेटवर्क टॅबमध्ये पेलोड, म्हणजे सर्व्हरकडे गेलेला डेटा, बघ, त्यात कायमच्या पत्त्याचं नावसुद्धा नसेल. दुसऱ्याचं म्हणशील तर डिसेबल्ड हा बूलियन अ‍ॅट्रिब्यूट आहे, तो टॅगवर नुसता असला तरी फील्ड बंद, मग त्यात फॉल्स लिही नाहीतर तुझं नाव लिही. अ‍ॅट्रिब्यूटच्या नादी न लागता प्रॉपर्टी वापर, एलिमेंट डॉट डिसेबल्डला खरा फॉल्स दे, अवतरणचिन्हातला नको. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीत असशील तर अ‍ॅटर नको, प्रॉप वापर, २०११ साली १.६ व्हर्जनमध्ये ते याच भानगडींसाठी वेगळं काढलं.

मीठभाकर
डिसेबलच्या जागी रीडओन्ली कर, विषय संपला. व्हॅल्यू जाते, बदलता येत नाही.

सांगलीकर
@मीठभाकर टेक्स्ट आणि टेक्स्टएरियाला ठीक आहे, पण त्याचे जिल्हा-तालुका ड्रॉपडाउन असणार ना, सिलेक्टला रीडओन्ली लागूच होत नाही, चेकबॉक्स रेडिओलाही नाही. तिथे लोक त्याच नावाचं, पानावर न दिसणारं हिडन फील्ड ठेवतात, ते चालतं, फक्त टिक काढल्यावर हिडन फील्ड बंद करायला विसरायचं नाही, नाहीतर एकाच नावाच्या दोन व्हॅल्यू जातात आणि पीएचपी शेवटची धरतं, म्हणजे पोरगा कोल्हापूर निवडतोय आणि तुमच्याकडे सातारा येतोय.

पुणेरी_पिक्सेल
सीएसएसमध्ये पॉइंटर-इव्हेंट्स नन देऊन टाका की, एका ओळीचं काम, क्लिकच होत नाही.

आक्का_डेव्ह
माउसने होत नाही, पण टॅब दाबत त्या ड्रॉपडाउनवर गेलं आणि बाण दाबला की जिल्हा बदलतो. कीबोर्डवर काम करणारे कमी नसतात. तो मार्ग सोडा.

मला मुळात एकच कळत नाही, पत्ता कॉपी करून पाठवायचाच कशाला? नुसता चेकबॉक्स पाठवा आणि पीएचपीत तो आला असेल तर सध्याचा पत्ताच कायमच्या कॉलममध्ये टाका. टिक नसेल तर चेकबॉक्सचं नावही येत नाही, त्यामुळे आधी इसेटने, म्हणजे ते नाव आलंय का बघणाऱ्या पीएचपीच्या सोयीने, तपासा. आणि एकेक फील्ड बंद करत बसण्यापेक्षा कायमचा पत्ता एका फील्डसेटमध्ये, म्हणजे फील्डचा गट करणाऱ्या टॅगमध्ये, घाला, फील्डसेट डिसेबल केला की आतलं सगळं एका फटक्यात बंद, रिक्वायर्डची (फील्ड भरणं सक्तीचं) कटकटही नाही कारण बंद फील्डचं व्हॅलिडेशन ब्राउझर करत नाही. गंमत म्हणजे फील्डसेटच्या पहिल्या लेजंडमधली (गटाच्या शीर्षकाचा टॅग) फील्ड मात्र चालूच राहतात, तेव्हा तुमचा चेकबॉक्स तिथेच ठेवा, नाहीतर तोही बंद होईल आणि टिक काढताच येणार नाही.

आणि हो, त्याच अर्जात फीची रक्कम वगैरे डिसेबल करून दाखवत असाल तर ती फॉर्ममधून आली तरी सर्व्हरवर वापरू नका. एफ १२ उघडून डिसेबल्ड काढायला दहावीतल्या पोरालाही वेळ लागत नाही. जात प्रवर्ग, फी, सवलत हे सगळं सर्व्हरवरच काढायचं.

नवा_गडी
आक्का, फील्डसेटने एकदम मस्त चाललं, खूप आभार, कॉपीचा कोडच उडवला. आता शेवटचं, मुलं घाईत दोनदा सबमिट दाबतात आणि एका मुलाचे दोन अर्ज पडतात, म्हणून क्लिकवर बटण डिसेबल केलं तर क्रोममध्ये फॉर्म जातच नाही.

आक्का_डेव्ह
बटणाच्या क्लिकवर नाही, फॉर्मच्या सबमिट इव्हेंटवर करा. क्लिकमध्येच बटण बंद पडलं की पुढे सबमिट करायला ते उरत नाही. बटणाला नेम दिलं असेल आणि पीएचपी त्यावरून अर्ज आलाय का बघत असेल तर तेही जाणार नाही, त्याऐवजी रिक्वेस्ट पोस्ट आहे का ते बघा. बॅक दाबून परत आलं की काही वेळा पान जसंच्या तसं मेमरीतून येतं आणि बटण मेलेलंच असतं, त्यासाठी पान दिसताना येणाऱ्या पेजशो इव्हेंटमध्ये ते चालू करा. आणि डेटाबेसमध्ये अर्ज क्रमांकावर युनिक की (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणारं बंधन) लावाच, नेट स्लो असलं की पोरं पान रिफ्रेश करतात, तिथे तुमचं बटण काही करू शकत नाही.