फिंचच्या पिल्लांना नको, बजींना दुसरीकडे हलवा

झेब्रा फिंच (दाणे खाणारे चिमुकले पाळीव पक्षी) आणि बजी (बजरीगर, छोटे पोपट) एकाच पिंजऱ्यात असले तर काही जण सुचवतात की फिंचची पिल्लं घरट्यातून बाहेर पडली की लगेच वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा, म्हणजे बजी त्यांना चावणार नाहीत. बजींची भीती खरी आहे, पिल्लाचं बोट एका चाव्यात तुटतं. पण उपाय उलटा हवा. बजींना बाहेर काढा, पिल्लांना आईबापाजवळच राहू द्या. पिल्लं साधारण १८ ते २१ दिवसांत घरटं सोडतात, पण स्वतःचं स्वतः खायला त्यांना आणखी दोन आठवडे तरी लागतात. तोवर ती दांडीवर अगदी खाली वाकून, मान वाकडी करून चोच वर धरतात आणि बाप येऊन भरवतो. आमच्या मालवणातल्या घरी मी एकदा तीन पिल्लं घाईने हलवली, समोर राळ्याची (बारीक धान्याची) वाटी भरलेली असून दोन उपाशी गेली. अजून वाईट वाटतं. आता चोच काळ्याची नारिंगी व्हायला लागेपर्यंत मी हातच लावत नाही.

आणि आपल्याकडच्या पावसाळ्याचाही विचार करा. उकडलेलं अंडं, भिजवलेला राळा या हवेत दुपारपर्यंत आंबतो. थोडंथोडं द्या, दोन तासांत वाटी काढून धुवा. कॅल्शियमसाठी किनाऱ्यावर मिळणारा समुद्रफेस (कटलफिशच्या अंगातलं पांढरं, हलकं कवच) उत्तम, फक्त पाणी बदलत दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात ठेवून खारटपणा घालवा, उन्हात कडक वाळवा आणि मगच पिंजऱ्यात टांगा.