मदत हवी आहे: 'नाणं' हा शब्द आला कुठून?

नमस्कार मंडळी. आजोबांच्या डब्यात चार शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, निघाल्या (एकीवर 'श्री राजा शिव' अजून वाचता येतं!) आणि मी नाणकशास्त्राच्या, म्हणजे नाण्यांच्या अभ्यासाच्या, नादी लागलो. त्याच्या इंग्रजी 'न्युमिस्मॅटिक्स'चं मूळ सापडलं: ग्रीक 'नोमिस्मा' म्हणजे चलनी नाणं, आणि ते 'नोमोस' म्हणजे रूढी, कायदा यावरून. म्हणजे लोक मानतात म्हणून नाण्याला किंमत. भारीच!

अडलंय ते आपल्याच शब्दापाशी. 'नाणं' संस्कृत 'नाणक'वरून, पण 'नाणक' कशावरून? कुषाण राजा कनिष्काच्या नाण्यांवर 'नना' देवीचं नाव ग्रीक लिपीत असतं, त्यावरून असं काही जण म्हणतात. याला व्युत्पत्तीचा पक्का आधार कुणी वाचलाय का? आणि नुसती नाणी जमवणाऱ्याला मराठीत काय म्हणायचं? 'नाणकशास्त्रज्ञ' म्हणवून घ्यायला मला लाज वाटते.