मूसचं एक्स्टेन्शन लिहायचं तर रोल की सबक्लास?

अर्धविराम
पर्ल भाषेत क्लास लिहायला मूस हे फ्रेमवर्क आहे, त्याच्यासाठी एक्स्टेन्शन लिहितोय. ॲट्रिब्यूटची (ऑब्जेक्टमधल्या एखाद्या माहितीच्या रकान्याची) व्हॅल्यू बदलली की जुनी-नवी दोन्हींची नोंद ठेवायची, एवढंच काम. टीममधल्या एकाचं म्हणणं, ॲट्रिब्यूटच्या मेटाक्लासचा (ॲट्रिब्यूट कसा वागेल हे ठरवणाऱ्या क्लासचा) सबक्लास, म्हणजे वारसा घेणारा नवा क्लास, काढ. मला ते अजिबात पटत नाही. मूसमध्ये ॲट्रिब्यूट हा स्वतःच एक ऑब्जेक्ट असतो आणि ऑब्जेक्टचा क्लास एकच. मी माझा सबक्लास लावला आणि उद्या दुसऱ्या एक्स्टेन्शनने त्याचा लावायचा म्हटलं, तर एकाच ॲट्रिब्यूटवर दोघं नांदणार कसे? रोल, म्हणजे क्लासला जोडता येणारा मेथडचा संच, असेल तर ॲट्रिब्यूटच्या 'ट्रेट्स'च्या यादीत दोन नावं लिहायची, काम झालं.

स्टॅकट्रेस
माझा विरोध आहे. नऊ रोल लावलेला एक क्लास मी दोन वर्षं सांभाळलाय. 'सेव्ह' कॉल होतो, पण क्लासच्या फाइलमध्ये 'सेव्ह' नाही. प्रत्येक रोल उघडून बघायचा. त्यात तीन रोलनी त्यावर 'अराउंड', म्हणजे मूळ मेथडभोवती आवरण, चढवलेलं. कोणतं आवरण बाहेर आणि कोणतं आत, हे रोल लावण्याच्या क्रमावर. वारशात निदान एक सरळ साखळी असते, वर चढत गेलं की मेथड सापडते.

रात्रपाळी
एकेरी वारसा असेपर्यंतच ती साखळी सरळ. दोन पालक आले की पर्ल एक क्रम ठरवून पहिली सापडेल ती मेथड उचलतं, दुसरी होती हे कळतही नाही. रूबी भाषेतल्या मिक्सिनचंही (क्लासमध्ये मिसळायच्या मॉड्यूलचंही) तेच, शेवटी इन्क्लूड केलेलं जिंकतं. ट्रेट्सची (रोलसारख्या मेथडसंचांची) कल्पना 2003 च्या ईकूप या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगच्या परिषदेत मांडली गेली ती नेमकी यावर: दोन ट्रेट्समध्ये एकाच नावाची मेथड आली तर निवड क्लास लिहिणाऱ्याने करायची. मूसही तसंच वागतं. क्लासमध्ये स्वतःची मेथड लिहा, नाहीतर एरर घ्या.

स्टॅकट्रेस
दोन्ही रोल एकाच 'विथ'मध्ये (रोल जोडणाऱ्या ओळीत) असतील तरच! आमच्याकडे दोन वेगवेगळ्या 'विथ' ओळी होत्या. पहिल्या रोलचं 'व्हॅलिडेट' क्लासमध्ये जाऊन बसलं. दुसरी ओळ चालली तेव्हा क्लासकडे ती मेथड आधीच होती, आणि क्लासची मेथड वरचढ हा तर नियमच. दुसऱ्या रोलचं 'व्हॅलिडेट' गुपचूप गळलं. एरर नाही, वॉर्निंग नाही. तपासणी न होताच डेटा आत जात राहिला.

अर्धविराम
हा मुद्दा बिनशर्त मान्य. म्हणूनच सगळे रोल एकाच 'विथ'मध्ये घ्यायचे, आणि तेही ॲट्रिब्यूट जाहीर करणाऱ्या 'हॅज'च्या ओळींनंतर. रोलने 'रिक्वायर्स'ने मागितलेला ॲक्सेसर (ॲट्रिब्यूट वाचणारी-लिहिणारी मेथड) तोपर्यंत तयार नसेल तर रोल जोडणं तिथेच अडतं. पण मेथड सापडत नाही हे मान्य नाही. क्लासची माहिती देणाऱ्या 'मेटा'कडून मेथड ऑब्जेक्ट घे आणि 'ओरिजिनल पॅकेज नेम' विचार, रोलचं नाव मिळतं.

स्टॅकट्रेस
प्रोग्रॅम चालू असेल तर मिळतं. मी रिव्ह्यू करताना समोर नुसता मजकूर असतो. तुझ्या नोंद ठेवणाऱ्या ॲट्रिब्यूटला रोल ठीक आहे, तिथे दोन एक्स्टेन्शन एकत्र यायलाच हवीत. पण तोच न्याय लावून ऑर्डरच्या क्लासमधली बिलाची आकडेमोड रोलमध्ये हलवू नकोस. ती एकाच क्लासला लागते, दुसरं कुणी वापरत नाही.

अर्धविराम
ती हलवत नाही. नोंदीचा रोल आज रात्री रिव्ह्यूला टाकतो, 'अराउंड' एकच आहे.