सोल ते हाऊस : तुमची आवडती तबकडी आणि तिच्यामागची गोष्ट

नाचायचं संगीत म्हणून ज्याकडे कानाडोळा होतो, त्यामागे किती मेहनत असते यावर परवा गप्पा रंगल्या. म्हणून हा धागा, सोल (काळ्या अमेरिकनांचं भावपूर्ण गाणं) ते हाऊस (यंत्रांवर रचलेलं क्लबमधलं नाचाचं संगीत) असा. एकच तबकडी निवडा. ती का आवडते, कशी झाली, कुणी वाजवली, सगळं लिहा. नुसती नावं नकोत.

पुणे
मी तबला शिकतो, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं : अमेरिकन सोल गायक जेम्स ब्राउनची 'फंकी ड्रमर'. नोव्हेंबर 1969 मध्ये सिनसिनाटीत ध्वनिमुद्रण झालं. ड्रमवर क्लाइड स्टबलफील्ड. बाकीचे थांबतात आणि तो एकटा उरतो, ती जागा ऐका. स्नेअरवरचे (कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवरचे) मोठे ठोके कुणालाही मोजता येतील, पण त्यांच्या मधे त्यानं जे दबते, जेमतेम ऐकू येणारे ठोके पेरलेत, त्यांनीच लय झुलते. आमचे गुरुजी ठेका भरायला सांगतात तेव्हा नेमकं हेच मागत असतात. या काही सेकंदांचा तुकडा उचलून त्यावर पुढे हिप-हॉपची शेकडो गाणी उभी राहिली. क्लाइडचं नाव रचनाकारांत नव्हतं, त्यामुळे त्याला त्याचे पैसे जवळजवळ मिळालेच नाहीत. तो अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात राहायचा, 2017 मध्ये गेला. मला याचा अजूनही राग येतो.

डोंबिवली
मॅडिसनचं नाव निघालं म्हणून सोल गायक ओटिस रेडिंग. 10 डिसेंबर 1967 ला त्याचं विमान तिथल्याच मोनोना तळ्यात कोसळलं. 'डॉक ऑफ द बे' त्यानं थोडेच दिवस आधी मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत गायलं होतं. लाटांचे, पक्ष्यांचे आवाज त्याचा गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरनं मागाहून मिसळले. शेवटची शीळ संपली की मला लगेच दुसरं गाणं लावावंसंच वाटत नाही.

ठाणे
डिस्को गायिका डॉना समरचं 'आय फील लव्ह', 1977. म्युनिकमध्ये निर्माता जॉर्जिओ मोरोडरनं जवळजवळ सगळं मूग सिंथेसायझरवर, म्हणजे विजेवर सूर काढणाऱ्या यंत्रावर, उभं केलं. त्या यंत्राचा सूर सारखा हलायचा, म्हणून थोडं ध्वनिमुद्रण करायचं, पुन्हा सूर लावायचा, पुढे जायचं. ड्रमचा दमदार ठोका मात्र त्यातून निघेना, तो ड्रमवादक कीथ फोर्सीकडून पायानं वाजवून घेतला.
लोकलमध्ये माझ्या इयरफोनचा एक कान बंद पडला आणि बेसचे निम्मे सूर गायब! मूळ सूर एका कानात, त्याचा किंचित उशिरा येणारा पडसाद दुसऱ्यात. दोन्ही मिळून ती धावती लय होते. बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांना सांगितलं, तर बॅलन्सचं बटण इकडून तिकडे फिरवत त्यांनी अख्खं गाणं ऐकलं.

शिकागो
12 जुलै 1979 ला इथल्या कोमिस्की पार्कवर, दोन बेसबॉल सामन्यांच्या मधे, डिस्कोच्या विरोधात तिच्या तबकड्यांची पेटी स्फोटकांनी उडवली. माणसं मैदानात घुसली, दुसरा सामना झालाच नाही. हा रोष नुसत्या संगीतावर नव्हता, ते ज्यांचं होतं त्या काळ्या आणि समलिंगी लोकांवरही होता, असं माझं ठाम मत आहे. पण त्याच शहरात वेअरहाऊस क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्स डिस्को वाजवतच राहिला, आणि त्यातूनच हाऊस उगवलं. माझी तबकडी मार्शल जेफरसनची 'मूव्ह युअर बॉडी', 1986. तो पोस्टात नोकरीला होता. हात तितका चालत नव्हता, म्हणून पियानो सावकाश वाजवून वेग नंतर वाढवला. सकाळी कामावर निघताना मी हीच लावते.

मुंबई
शिकागोच्या जोडीला मुंबईही घ्या! चरणजीत सिंग, 'टेन रागाज टू अ डिस्को बीट', 1982, एचएमव्ही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलाकार. रोलँडची टीबी-303 ही बेस गिटारच्या जागी वापरायला काढलेली छोटी पेटी. ती खपली नाही, म्हणून शिकागोच्या पोरांना जुन्या बाजारात स्वस्तात मिळाली आणि 1987 मध्ये तिथल्या फ्यूचर या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' निघाली. चरणजीतजींनी तीच पेटी पाच वर्षं आधी रागांखाली लावली होती. तिच्यावर सूर मींडेसारखा घसरतो, आणि वर ज्युपिटर-8 या सिंथेसायझरवर राग चालतो. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. 2010 मध्ये तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा कुठे जगाला कळलं. सुरुवातच भैरव रागानं आहे, पण मला कलावती जास्त भावतो. एचएमव्हीची मूळ प्रत कुणाकडे असेल तर कृपया कळवा, ऐकायला घरी येईन.