बीटा-गॅमाच्या मधली रेघ, आणि अँटिबॉडी वेगळ्या का दिसत नाहीत?

एमएस्सी_जीवरसायन: रक्तातली प्रथिनं वेगळी करायला इलेक्ट्रोफोरेसिस केलं, म्हणजे वीज सोडून ती जेलमधून सरकवली: एक टक्का अगारोज जेल, बार्बिटल बफर, पीएच ८.६. माणसाचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) लावलं. आयजीजी, आयजीए, आयजीएम या अँटिबॉडीच्या प्रकारांच्या तीन वेगळ्या पट्ट्या दिसतील असं वाटलं होतं. अल्ब्युमिन (रक्तातलं सर्वांत मुबलक प्रथिन) गडद आलं, पण अँटिबॉडी जिथे येतात त्या गॅमा भागाच्या जागी नुसता पसरट डाग. शिवाय शेजारचा बीटा भाग आणि गॅमा यांच्या मध्ये केसासारखी एक रेघ. रक्त माझ्या बाबांचं आहे. अशी रेघ मायलोमात, म्हणजे प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात, दिसते असं वाचलं आणि रात्रभर झोप नाही. काय समजू?

लॅबमधली_ताई: आधी बाबांचं. रक्त कुठल्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतलंस? जांभळं असेल तर ते सीरम नव्हेच, प्लाझ्मा. त्या ट्यूबमधल्या ईडीटीए या रसायनामुळे रक्त गोठत नाही, गुठळी बनवणारं प्रथिन फायब्रिनोजन तसंच राहतं आणि नेमकी तिथेच रेघ उमटते. बावीस वर्षं लॅबमध्ये आहे, नव्या मुलांकडून हे होतंच. लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये पुन्हा घे, अर्धा तास उभी ठेव, गुठळी नीट धरू दे, मग सेंट्रिफ्यूज कर. दोन्ही नमुने एकाच जेलवर शेजारी लाव. तरीही रेघ राहिली तर स्वतः निदान करत बसू नकोस, डॉक्टरांकडे जा. ते इम्युनोफिक्सेशन (रेघ कुठल्या अँटिबॉडीची ते ओळखणारी चाचणी) करून घेतील.

आणि गॅमा पसरट येणं हे चांगलंच. रक्तात असंख्य तऱ्हेच्या अँटिबॉडी असतात, प्रत्येकीचा विद्युतभार थोडा निराळा, म्हणून त्या एका जागी थांबत नाहीत. अँटिबॉडी बनवणाऱ्या एकाच प्लाझ्मा पेशीचा वंश वाढून एकच अँटिबॉडी ओतू लागला की ती एका जागी साचते. तोच एम-बँड, ज्याची तुला भीती वाटली.

प्रथिनप्रेमी: १९३९ साली टिसेलियस आणि केबॅट या शास्त्रज्ञांनी लस टोचलेल्या सशाच्या सीरममधून अँटिबॉडी काढून घेतल्या, तेव्हा गॅमाचा उंचवटा खाली बसला. अँटिबॉडी तिथे असतात हे असं कळलं. आयजीजीच बघायची असेल तर आधी प्रोटीन-जी (आयजीजीला धरून ठेवणारं प्रथिन) कॉलमवर शुद्ध कर, मग साखळ्या सुट्या करणारं मर्कॅप्टोइथेनॉल घालून एसडीएस-पेज (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल). जड साखळी ५० किलोडाल्टनच्या आसपास, हलकी २५च्या. सीरम तसंच लावलंस तर अल्ब्युमिनच सगळी लेन व्यापतं.

एमएस्सी_जीवरसायन: ताई, टोपण जांभळंच होतं! आज दोन्ही लावले. अमिडो ब्लॅकचा जादा रंग उतरेपर्यंत ॲसिटिक ॲसिडच्या ट्रेपाशीच उभी होते. प्लाझ्माच्या लेनमध्ये रेघ आहे, सीरमच्या लेनमध्ये नाही. लगेच बाबांना फोन केला.