पुलाखालून माणूस उचलला, तर त्याची नोंद कुठे असते?

मागाठाणेकर:
परवा आपल्या बोरिवलीच्या या ग्रुपवर 'शिंपोली' नावाने लिहिणाऱ्यांनी लिहिलं की हायवेच्या पुलाखालची वस्ती भिक्षा कायद्याखाली उचला, रात्रीची गस्त दुप्पट करा आणि मोकळ्या झालेल्या जागेत कुंड्या ठेवा. खाली 'सहमत', 'सहमत' अशी रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझी ड्युटी सकाळची, सव्वापाचला मी स्टॉपवर असतो. गेल्या महिन्यात एका पहाटे पोलिसांची व्हॅन आली आणि तिच्या मागोमाग कचऱ्याचा डंपर. पुलाखाली पाच-सहा कुटुंबं आहेत. बायका पोरांना जागं करेपर्यंत बोचकी डंपरमध्ये गेलीसुद्धा. एक बाई डंपरची मागची फळी धरून ओरडत होती. भांडी गेली तरी चालतील, तिला तिची सिमेंटची गोणी हवी होती. त्या गोणीत, मिठाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून, पोराचा शाळा सोडल्याचा दाखला ठेवला होता. फळी वर गेली. दोन पुरुष आणि एक म्हातारा व्हॅनमध्ये बसवले. म्हातारा आठ दिवसांनी अनवाणी परत आला. कुठे होतात बाबा, विचारलं, तर हाताने नुसतंच लांब दाखवलं.

मी त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन विचारलं, पहाटे आणलेल्या माणसांची नोंद बघायला मिळेल का? समोरून प्रश्न आला, 'तुम्ही त्यांचे कोण?' कोणी नाही म्हटल्यावर विषय संपला.

कायद्याचं नाव घेणाऱ्यांनी तो एकदा वाचावा. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, 1959. नुसता हात पसरणाराच त्यात येतो असं नाही. गाणं म्हणणारा, भविष्य सांगणारा, भीक मागायचं निमित्त म्हणून वस्तू विकायला पुढे करणारा, आणि 'उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि भटकतो आहे' असा कोणीही येतो. वॉरंट लागत नाही. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत डांबता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिल्लीपुरती यातली मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे कायदा उभा आहे.

उचलायचं की नाही यावर नंतर भांडू. माझा प्रश्न एवढाच आहे की उचललेल्या माणसाचा हिशेब कोण ठेवतं आणि तो कोण तपासतं?

शिंपोली:
माझं अर्धंच वाक्य उचललंत. पुढे 'आणि निवाऱ्यात न्या' असं लिहिलं होतं.

माझी आई 74 वर्षांची आहे. स्टेशनवरून घरी यायचा तिचा फुटपाथ वीस वर्षं ठरलेला. दोन वर्षांपूर्वी त्याच फुटपाथवर चूल, दोरीवर गोधड्या, मध्ये झोळी. म्हणून ती खाली उतरून रस्त्याच्या कडेने चालली आणि मागून बाईकने उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकर धरून हॉलमधून गॅलरीपर्यंत जाते, तिथून खालचा रस्ता बघते आणि परत येते. त्या बाईकवाल्याचीही नोंद कुठे नाही. तुम्ही दाखल्यावर एवढं लिहिलंत, फुटपाथवर एक ओळही नाही.

आणि गर्दुल्ल्यांचं काय? मुलगी बारावीला आहे, क्लासहून पुलाखालून येते. सातनंतर मला न्यायला जावं लागतं. मागच्या पावसाळ्यात तिच्यासमोर एकाने सुई टोचून घेतली. मी टॅक्स भरतो, मेंटेनन्स भरतो, आणि सुरक्षितता मागितली की लगेच निर्दयी ठरतो.

रात्रपाळी:
माझे वडील हवालदार होते, 33 वर्षं नोकरी केली. पोलिसांवर एवढं लिहिण्याआधी एक ऐका.

जुलैची रात्र होती, धो धो पाऊस. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारा बेशुद्ध पडला होता. वडील आणि एक शिपाई त्याला जीपमध्ये घालून एका हॉस्पिटलला घेऊन गेले. तिथे म्हणाले, नातेवाईक आणा, नाहीतर कागद करा. कागद झाले, तर म्हणाले बेड नाही. दुसऱ्या ठिकाणी नेलं, तिथे त्याच्या अंगाच्या वासावरून वॉर्डबॉयने वाद घातला. वडील पहाटे चारपर्यंत स्ट्रेचरशेजारी बसून होते, युनिफॉर्म ओला. घरी आले तेव्हा आईने बादलीत डेटॉल घालून कपडे वेगळे भिजवले, हे मला अजून आठवतं. म्हातारा वाचला. त्याची नोंद झाली म्हणून वडिलांना कोणी शाबासकी दिली नाही.

पोलिसाला फोन येतो सोसायटीचा. 'साहेब, हटवा यांना.' तक्रारी वाढल्या की वरून ऑर्डर येते. पोलीस स्वतःच्या हौसेने पहाटे चारला उठत नाहीत. हिशेब मागायचा तर फोन करणाऱ्यांकडेही मागा.

चाफा:
सगळे मूळ दुखण्याला बगल देत आहेत. पुलाखाली माणसं का जमतात? शनिवारी आणि अमावास्येला गाड्या भरून येणाऱ्या खिचडीमुळे! मी समोरच राहते, सगळं दिसतं. डिकी उघडायची, पातेलं काढायचं, फोटो काढायचे, वीस मिनिटांत निघून जायचं. द्रोण वाऱ्याने आमच्या गेटपर्यंत येतात. उरलेली खिचडी गटारात, आणि उंदीर मांजराएवढे झालेत. पुण्य तुमचं आणि घाण आमची. आधी हे अन्नदान बंद करा, मग कायद्याच्या गोष्टी करा.

कांदरपाडा:
चाफाताई, त्या गाड्यांमधली एक माझी आहे.

वडील गेले त्या वर्षी तेराव्याला जेवण उरलं होतं, ते घेऊन मी पहिल्यांदा पुलाखाली गेलो. सहा वर्षं झाली. फोटो मी कधी काढले नाहीत. माझ्यासमोर एक मुलगी द्रोण हातात घेऊन खात नाही, आधी भावाला भरवते, मग उरलेलं स्वतः चाटते. तुम्हाला गॅलरीतून द्रोण दिसतो, ती मुलगी दिसत नाही. ज्याच्या पोटात काल सकाळपासून काही नाही त्याला मी आधी कचऱ्याचं व्यवस्थापन शिकवायचं का?

चाफा:
मग रोज या ना! शनिवारीच भूक लागते का त्यांना? आणि मुलगी मला दिसते. तिच्या आईला आमच्या कामवालीने दोन घरची भांडी मिळवून दिली होती. तीन दिवस आली आणि चौथ्या दिवशी बंद, कारण शनिवार होता, गाड्या येणार होत्या. तू लोकांना सवय लावतोयस.

कांदरपाडा:
'तू' नको. आपली ओळख नाही.

ती शनिवारी का आली नाही हे तिला विचारलंत का? पुलाखाली सामान सोडून कामावर गेलं की परत येईपर्यंत सामान राहत नाही. कोणीतरी पहारा द्यावा लागतो. मागाठाणेकरांनी डंपरचं लिहिलं आहे, तेही वाचा.

चाफा:
बरं, 'तुम्ही'. चूक झाली. सामानाचं मला माहीत नव्हतं. तरी द्रोण उचलायला एक माणूस आणि एक पोतं ठेवायला काय हरकत आहे?

कांदरपाडा:
पोतं आणीन. आणि खरं सांगायचं तर त्या बायका खिचडीपेक्षा अंघोळीचे पैसे मागतात. शौचालयात जायचे वेगळे, अंघोळीचे वेगळे. चार माणसांच्या घराने रोज तेवढे पैसे कुठून आणायचे? पाळीच्या दिवसांत तर दोन-दोन वेळा जावं लागतं, रात्री दार बंद असतं. एकीने मला सरळ सांगितलं, 'दादा, पुढच्या वेळी तांदूळ नको, पंधरा दिवसांचा संडासचा पास काढून द्या.' असा पास मिळतच नाही, मी विचारून आलो.

शिंपोली:
खिचडीवर पन्नास प्रतिसाद होतील. माझ्या प्रश्नाचं काय? निवारे आहेत ना? मग जात का नाहीत?

मागाठाणेकर:
आहेत, फार थोडे. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला हिशेब आहे, मोठ्या शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा. 2011 च्या जनगणनेत मुंबई 1 कोटी 24 लाखांची होती. म्हणजे त्या आकड्यावर 124 निवारे हवेत. त्याच जनगणनेत मुंबईतले बेघर 57 हजारांवर मोजले गेले, तेही एका रात्रीत जेवढे सापडले तेवढे. तुमच्या-माझ्या चालण्याच्या अंतरावर एक निवारा दाखवा, मी त्या बाईला स्वतः घेऊन जातो.

तुमच्या आईबद्दल मी लिहायला हवं होतं. ते राहिलं.

गजरेवाली:
लिहावं की नको असं करत दोन दिवस वाचत होते. माझं लहानपण पुलाखाली गेलं, याच हायवेवर, पण दुसऱ्या पुलाखाली. आम्ही पारधी. मी आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

आई सिग्नलला गजरे विकायची. मोगरा पहाटे दादरच्या फुलबाजारातून आणायचा, ओल्या फडक्यात बांधून ठेवायचा आणि दुपारच्या आत ओवायचा, नाहीतर कळ्या उमलतात आणि माल जातो. व्हॅन आली की आई पहिल्यांदा फडकं उचलायची आणि मग धाकट्याला. माझा हात ती धरायचीच नाही. मोठी झाल्यावर यावरून मी तिच्याशी खूप भांडले. ती म्हणाली, तू पळत होतीस, मोगऱ्याला कुठे पाय आहेत?

निवाऱ्यात का जात नाही, विचारलंत. आम्हाला सांगितलं, बायका-पोरी इकडे, पुरुष तिकडे. भाऊ तेरा वर्षांचा होता, तो कोणाबरोबर झोपणार? बाबा नाक्यावर सात वाजता उभे राहिले नाहीत तर दिवसाचं काम गेलं, आणि निवारा दोन बस पलीकडे. घर म्हणजे चौघं एकत्र झोपतात ती जागा, मग वर छप्पर असो वा पूल.

इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून आमच्यासारख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का पुसला. पण परिसरात चोरी झाली की व्हॅन अजून आधी पुलाखाली येते. बाबांना एकदा तसंच नेलं आणि तीन दिवसांनी सोडलं. आजपर्यंत त्या तीन दिवसांचा एकही कागद नाही. म्हणजे ते गेलेच नव्हते, असं झालं. शिंपोलीकाका, तुमच्या आईला लागलं याचं वाईट वाटतं. आईच्या चुलीमुळे कोणाला खाली उतरावं लागलं असेल का, हा विचार मी आज पहिल्यांदा केला.

रात्रपाळी:
ताई, तुमच्या वडिलांचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

तीन दिवस आणि कागद नाही, हे चूकच. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या डी. के. बसू निकालापासून अटक पंचनाम्यावर साक्षीदाराची सही लागते आणि नातेवाइकांना किंवा ओळखीच्या माणसाला कळवावं लागतं. वडील हे रोज करायचे. पण तेही सांगतात की फुटपाथवरच्या माणसाला 'आणला' म्हणतात, 'अटक केली' म्हणत नाहीत, आणि आणलेल्याचा पंचनामा होत नाही. माझ्या मूळ लिहिण्यात हे यायला हवं होतं. मी टाळलं.

एक भर घालतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017, कलम 100. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरचे शोधायचे, ही ठाण्याची जबाबदारी आहे. हे शिपायाला कोणी शिकवलं आहे का? मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानींची सुरुवात आपल्या बोरिवलीतूनच झाली, 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची संस्थाही रस्त्यावरच्या माणसाला उचलते, पण उपचार करते आणि त्याचं गाव शोधून घरी पोचवते. उचलण्या-उचलण्यात एवढा फरक पडतो.

मागाठाणेकर:
हेच मला म्हणायचं होतं. तुम्ही जास्त नीट म्हणालात.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या प्रकाश सिंह निकालाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितलं, 2014 मध्ये आपल्या पोलीस कायद्यात ते आलं. त्याचं कार्यालय पार दक्षिण मुंबईत, कूपरेजला. पुलाखालच्या बाईने तिथपर्यंत जायचं कसं, लिहायचं काय, पुरावा कुठला? 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावून चित्रण किमान वर्षभर ठेवायला सांगितलं, पण व्हॅन पुलाखाली येते तिथे तो कॅमेरा नसतो. नगरसेवकाकडे जा म्हणावं, तर मार्च 2022 नंतर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, आणि तिचं मतदार यादीत नाव नाही.

म्हणून अर्ज लिहिला आहे. व्हॅन येईल त्या प्रत्येक वेळी पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीत नावानिशी नोंद करा. उचललेल्या सामानाचा जागेवर पंचनामा करा, त्याची एक प्रत सामानाच्या मालकाला द्या आणि सामान पंधरा दिवस ठेवा. बरोबर पोलीस आणि पालिकेबाहेरचा एक माणूस असू द्या. दर तीन महिन्यांनी ही यादी वॉर्डात सगळ्यांसमोर वाचा. सोसायटीने फोन केला असेल तर तोही त्यात लिहा. रात्रपाळी, हे वाक्य तुमच्यामुळे घातलं.

मंगळवारी अकरा वाजता पालिकेच्या आर मध्य, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या, वॉर्ड ऑफिसला देणार, तिथून पोलीस ठाण्यात. कोण येतंय?

कांदरपाडा:
मी. संडासच्या पासचं त्यात एका ओळीत घ्या.

चाफा:
पासचं घेतलंत तर माझीही सही. द्रोणांचं मी सोडलेलं नाही.

गजरेवाली:
ड्युटी आहे. आईला पाठवते, अंगठा चालेल ना?

शिंपोली:
नोंद हवी हे मला पटतं, बाईकवाल्याची नोंद नाही म्हणून मीच दोन वर्षं खेटे घालतोय. फोन करणाऱ्यांची नावं लिहायची असतील तर माझं पहिलं लिहावं लागेल, कारण गेल्या महिन्यात फोन मी केला होता. कचऱ्याचा डंपर येईल हे मला माहीत नव्हतं. त्या दाखल्याची दुसरी प्रत शाळेतून निघते, कोणती शाळा ते विचारून ठेवा, मी जाऊन आणतो.

मंगळवारी येतो. सही फक्त नोंदीच्या आणि पंचनाम्याच्या मुद्द्यांवर करीन. फुटपाथ मोकळा हवा ही माझी मागणी तशीच आहे, आणि कुंड्यांचा अर्ज मी मागे घेणार नाही.