टॉवेल रॉड लावताना पाइपात ड्रिल घुसलं, काय करू?

टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारत होतो, टाइलच्या भोकातून पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर! गच्चीवरचा वॉल्व्ह बंद केलाय, आत सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिकचा पाइप आहे, व्हाइट सिमेंटने बुजवलं तर चालेल का? बायको शेजारून बादल्या आणतेय, बोलत काहीच नाही.

– अजिबात नको, प्रेशरला टिकणार नाही, मग खालच्यांच्या छताला ओल आणि भांडणं. टाइल फोडा, खराब तुकडा कापून दोन कपलर (पाइप जोडायचे सांधे) आणि मध्ये नवा तुकडा. पाइप कोरडा करूनच सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचा गोंद) लावा हां.

– टाइल लगेच बसवू नका, एक दिवस पाणी सोडून बघा. आमच्या मिस्त्रीने घाई केली, परत फोडली.

– नळाच्या सरळ वर ड्रिल मारतात का राव! तसली जादा टाइल आहे का माळ्यावर?

– आहे. दीड.